भिगवणच्या पुढचं मासे-थाळीचं हॉटेल, आणि त्या थाळीमागचं उजनीचं पाणी

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनी धरणाचं पाणी दिसायला लागतं आणि तिथून पळसदेवपर्यंत मासे-थाळीच्या पाट्याच पाट्या. त्यातल्याच एका हॉटेलाबद्दल लिहितेय. वर्षभरात चार वेळा जेवलेय तिथं, थंडीत दोनदा, एकदा भर मे महिन्यात आणि एकदा पहिला पाऊस होऊन गेल्यावर, त्यामुळे एका जेवणावरून मत बनवलंय असं नाही. हॉटेलचं नाव मात्र लिहीत नाहीये, कारण यातला अर्धा भाग मासा ज्या पाण्यातून येतो त्या पाण्याबद्दल आहे आणि त्या पाण्यात त्या माणसाचा काडीचा दोष नाही, उगाच त्याच्या नावाला घाण चिकटायला नको. माझा मामा पळसदेवच्या बाजूचा, त्याच्याबरोबरच पहिल्यांदा गेले होते.

आधी जेवणाचं सांगते. चिलापी थाळी २५० रुपये, मरळ थाळी ४००, कटल्याचा रस्सा असेल त्या दिवशी वेगळा. थाळीत एक अख्खी चिलापी तव्यावर तळलेली, रश्श्याची मोठी वाटी (एकदा भरून मिळते परत, मागायचं फक्त), दोन ज्वारीच्या भाकरी, भात, कांदा-लिंबू आणि शेंगदाण्याचा ठेचा. मासा रव्यात घोळवून कुरकुरीत करत नाहीत, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून, वरून लाल तिखट आणि किंचित तांदळाचं पीठ, आणि लोखंडी तव्यावर बेताच्या तेलात मंद आचेवर. बाहेरून करपल्यासारखा दिसतो पण आत गेलात की पांढराशुभ्र, लुसलुशीत, पाठीचा काटा एका ओढीत सुटून येतो. रस्सा आपला देशावरचा, कांदा-खोबरं चुलीत भाजून काळा मसाला घातलेला, चिंचेचा कोळ जरा जास्तच. नारळाच्या दुधाची सवय असलेल्यांना आवडेलच असं नाही, मला स्वतःला हाच आवडतो, भाकरी कुस्करून खायला यासारखा रस्सा नाही. भाकरी तव्यावरून थेट ताटात. गर्दी असली तरी गार भाकरी एकदाही मिळाली नाही, आणि रविवारी दुपारी दीडला तिथं जी गर्दी असते त्यात हे सोपं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती. गल्ल्याच्या मागे भिंतीवर एक काळा फळा आहे, शाळेतला असतो तसा, त्यावर रोज सकाळी खडूनं लिहितात, आज कुठला मासा आहे आणि तो कुठून आलाय. "चिलापी – उजनी, आज पहाटे. मरळ – हौद, तिसरा दिवस. कटला – आला नाही." एवढंच. मी आजवर शेकड्यानं हॉटेलांमध्ये मासे खाल्लेत, पुण्यात, मुंबईत, गोव्यात, कुठेही मला न विचारता कुणी सांगितलं नव्हतं की हा मासा कुठल्या पाण्यातला. विचारलं तर "ताजा आहे मॅडम" एवढंच उत्तर. ताजा आहे ते ठीक, पण कुठला?

हौद, तिसरा दिवस म्हणजे काय ते मी मालकांना विचारलं. म्हणाले, "ताई, मागं या, दावतो." मागे सिमेंटचा हौद आहे, बोअरच्या पाण्याचा, वर शेडनेट टाकलेलं. त्यात जिवंत मरळ सोडलेले. मरळ चिवट असतो, पाण्याबाहेरची हवासुद्धा घेऊ शकतो, मधूनच एखादा वर येतो, तोंडानं हवा घेतो आणि परत खाली जातो, आमचा मुलगा तिथंच दहा मिनिटं बसून राहिला. पाच दिवस हौदात ठेवतात, खायला काही घालत नाहीत, पाणी रोज बदलतात, मग कापतात. का, तर धरणाच्या पाण्याचा वास जातो म्हणून.

हा वास ज्यांनी गोड्या पाण्यातला मासा खाल्लाय त्यांना माहीत असेल. चिखलाचा, पहिल्या पावसानं माती भिजल्यावर येतो तसा पण जरा कुजकट. मी नंतर याबद्दल वाचलं. जिओस्मिन नावाचा पदार्थ असतो, पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि काही जिवाणू तो तयार करतात, आणि माशाच्या कल्ल्यातून तो थेट अंगात, चरबीत जाऊन बसतो. जितकं शेवाळ जास्त तितका वास जास्त. स्वच्छ पाण्यात उपाशी ठेवला की हळूहळू निघून जातो, आणि आंबट काही लावलं तर कमी होतो, म्हणजे आपल्या आज्या-पणज्या माशाला चिंच, कोकम, लिंबू चोळायच्या ते नुसतं चवीसाठी नव्हतं. पण एक लक्षात ठेवा, हौदात ठेवून वास जातो, तळून जंतू मरतात, पाण्यातून अंगात गेलेले जड धातू मात्र पाच दिवसात जात नाहीत आणि तव्यावर तर अजिबातच नाहीत. हे मी मालकांना म्हटलं तर त्यांनी मान हलवली फक्त. त्यांच्या हातात आहे तेवढं ते करतायत.

स्वयंपाकघरात त्यांच्या आई असतात, सगळे मावशीच म्हणतात. त्यांनी माझ्यासमोर चिलापी साफ केली. आधी कल्ला अंगठ्यानं उचलून दाखवला, आत लालभडक पाहिजे, तपकिरी किंवा चिकट असेल तर बाजूला टाकायचा. मग पोट उभं चिरून आतलं सगळं काढलं, पित्त फुटू न देता, आणि आत पोटाला एक काळी पातळ पापडी चिकटलेली असते ती नखानं खरवडून खरवडून काढली, पार पांढरं दिसेपर्यंत. म्हणाल्या, "ही ठेवली की कडू लागतंय आन वासबी हितंच असतोय." मग जाडं मीठ, हळद, लिंबू, दहा मिनिटं ठेवून दोन पाण्यानं धुतलं. एका माशाला सात-आठ मिनिटं. रविवारी असे दीड-दोनशे मासे होतात. कल्ले आणि आतडी-लिव्हर त्या कुणालाच देत नाहीत, अगदी मागितलं तरी. हे बरोबर आहे, पाण्यातलं जे काही वाईट असतं ते आधी तिथंच साठतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मामा मला पाण्यावर घेऊन गेला. डिसेंबरची थंडी, धुकं, लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा उभा, चित्रबलाक, त्या बाजूला कुंभारगावकडे फोटोवाल्यांच्या होड्या निघालेल्या. इतकं सुंदर दिसतं की पाण्याकडे खाली बघायचं राहूनच जातं. मामानं ओंजळीत पाणी घेऊन माझ्यासमोर धरलं. थंडी असल्यामुळे तसं बरं होतं तेव्हा, तरी हिरवट, आणि ओंजळ रिकामी झाली तरी हाताच्या रेषांमध्ये बारीक हिरवी भुकटी राहिली, ती घासूनच निघाली. मामा म्हणाला, "लहानपणी आम्ही हेच पाणी वंजळीनं प्यायचो गं पोरी, भाकरी बांधून न्यायचो, पाणी कशाला न्यायचं." तिथंच एक मासेमार काका जाळं झाडत होते. जाळ्याला शेवाळाची साय धरलेली, बुळबुळीत, ती सुकली की जाळं जड होतं आणि मासा लांबूनच बघून फिरतो, म्हणून रोज धुवायचं. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे होते. खाजतं म्हणाले, उन्हाळ्यात जास्त. खोबरेल लावून पाण्यात उतरतात. त्या दिवशी जाळ्यात अठरा-वीस चिलाप्या, एक छोटा कटला, आणि मासे नसलेलं बरंच काही, गुटख्याची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, एका औषधाची बाटली.

काका सांगत होते की पूर्वी वाम, शिंगटा, मरळ, रहू, मृगळ असं सगळं मिळायचं, आता दहातले आठ चिलापीच. बाकीचे कमी का झाले याला कारणं बरीच आहेत, बारीक आसाच्या वडाप जाळ्यांनी पिल्लंसुद्धा उचलली जातात हे एक मोठंच, मांगूर हा बाहेरचा मासा आला, आता तो सकर नावाचा परदेशी मासाही जाळ्यात येतो ज्याला कुणी विकत घेत नाही. पण चिलापीच का टिकली याचं उत्तर पाण्यात आहे. चिलापी आपली नाहीच, आफ्रिकेतली, भारतात १९५२ साली आणली आणि १९५९ मध्येच तिच्या प्रसारावर बंदी आली कारण ती दुसऱ्यांना जगू देत नाही असं लक्षात आलं. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं मरत नाहीत, घाण चालते, कमी ऑक्सिजन चालतो. ज्या पाण्यात कटल्याचा जीव गुदमरतो तिथं चिलापी मजेत राहते. त्यामुळे ताटात चिलापी स्वस्त आणि भरपूर दिसते ते धरणाच्या तब्येतीचं चांगलं लक्षण नाहीये.

आता हे पाणी येतं कुठून. उजनी १९८० साली पूर्ण झालं, ११७ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) धरण, त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठाच, म्हणजे सहजी बाहेर न पडणारं तळाचं पाणी, आणि जे खाली बसलं ते बसलं. आणि धरणाच्या वर कोण आहे तर अख्खं पुणं आणि पिंपरी-चिंचवड. पवना दापोडीला मुळेत मिळते, मुळा आणि मुठा संगमावर एक होतात, तिथून थेऊरवरून जाऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेत. इंद्रायणी त्याच्या आधीच तुळापूरला भीमेत मिळालेली असते, आळंदीला जिच्यावर फेसाचे ढीग तरंगताना आपण दर कार्तिकीला टीव्हीवर बघतो तीच. मग दौंड, आणि दौंडच्या पुढे भीमेचा वेग संपतो आणि उजनी सुरू होतं. म्हणजे पुण्यात आपण सकाळी फ्लश ओढला, भांडी घासली, कपडे धुतले, त्यातलं जे शुद्धीकरणाशिवाय नाल्यात गेलं ते चालत चालत इथं येऊन थांबतं. मी सिंहगड रोडला राहते, मुठा माझ्या घरापासून चालत पाच मिनिटांवर, आणि मामाच्या गावचं पाणी हिरवं होण्यात माझ्या घराचा वाटा आहे हे त्या पहाटे मला पहिल्यांदा नीट कळलं. वाईट वाटलं आणि रागही आला.

सांडपाणी माशाला मारतं कसं हे मी आधी चुकीचं समजत होते. मला वाटायचं विष असतं त्यात. केमिकलवालं पाणी असेल तर विष असतंच, पण नुसतं घरगुती सांडपाणीसुद्धा पुरतं. मैला, अन्न, साबण, हे सगळं कुजवायला जिवाणू लागतात आणि ते जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात, माशाला उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात मासे जगायचे असतील तर लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन पाहिजे असं आहे. त्यात सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे शेवाळाला आणि जलपर्णीला फुकटचं खत. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच घेतं, म्हणून सर्वात वाईट वेळ पहाटेची. काका हेच सांगत होते त्यांच्या शब्दात, उन्हाळ्यात पहाटे मासं वर येऊन तोंड वासतात, टोपलीनं उचलावं असं, पण ते आम्ही उचलत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीला कृष्णेत अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला होता आणि लोक पोत्यात भरून घरी नेत होते, ते व्हिडिओ आठवत असतील. काकांना मी ते सांगितलं तर म्हणाले, "ज्याला पाणी ठाऊक नाही त्योच नेणार."

मेमधली भेट सांगायलाच हवी. पाहुणे आले होते सोलापूरहून, मोठ्या हौसेनं त्यांना घेऊन गेले, मी, नवरा, मुलगा, चार पाहुणे, सात माणसं. उजनी मायनसमध्ये गेलेलं, पाणी आत आत सरकलेलं, जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलेलं. गाडीतून उतरल्या उतरल्या वास आला. पाण्याच्या काठावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर, अगदी ऑइल पेंटसारखा, काडीनं ओढलं की रेघ उमटत होती आणि ती तशीच राहत होती. आत गेलो तर फळ्यावर लिहिलेलं, "आज चिलापी नाही. पाणी खराब." मरळ होता पण तीनच माशांपुरता. मालक टेबलापाशी आले आणि म्हणाले, "ताई, माशे आलेत बाजारात, घेतले असते तर घेता आले असते. पण माझ्या पोरांना घालणार नाही ते तुम्हाला कसं घालू." सात माणसांत तीन मरळ आणि बाकी अंडा करी. पाहुणे जरा हिरमुसले. हायवेवरच्या बाकीच्या पाट्यांखाली चिलापी चालूच होती आणि लोक खात होते. त्या मालकांचं त्या पंधरवड्यात किती नुकसान झालं असेल याचा हिशोब मी विचारला नाही, विचारायची हिंमत झाली नाही, पण शनिवारी दुपारी अर्धी टेबलं रिकामी होती.

आणि मालक बरोबरच होते. तसा हिरवा थर धरतो तेव्हा त्यातल्या काही जातींचं शेवाळ विष तयार करतं आणि ते माशाच्या लिव्हरमध्ये, आतड्यात जाऊन बसतं. मावशींना या विषाचं नाव माहीत नाही. त्यांना वासावरून कळतं.

याच पाण्यावर सोलापूर शहर जगतं, हे आमच्या त्या पाहुण्यांना चांगलंच माहीत होतं. जेवताना त्यातल्या काकू एवढंच म्हणाल्या की आम्ही तर नळाला हेच पितो. मला त्यावर काय बोलावं कळेना. मी पुण्याची. पुण्याला वरच्या चार धरणांचं, खडकवासला-पानशेत-वरसगाव-टेमघरचं निवळ पाणी पहिल्यांदा मिळतं आणि वापरून झालं की खालच्यांना जातं.

घरी आल्यावर मी थोडं खोदलं. मुळा-मुठेच्या प्रदूषणासाठी जपान सरकारच्या जायका या मदत संस्थेच्या कर्जातून ९९० कोटींचा प्रकल्प २०१६ च्या जानेवारीत मंजूर झाला होता, ११ नवे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, रोज ३९६ एमएलडी म्हणजे ३९ कोटी ६० लाख लिटर पाणी शुद्ध करायची क्षमता. २०२२ पर्यंत पूर्ण व्हायचा होता, झाला नाही. मधल्या सगळ्या वर्षांत ते पाणी वाहतच होतं ना, रोज, सुट्टी न घेता. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळानं देशभरातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त. आणि इकडे पुण्यात ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करायचं काम जोरात. काठावर बसायला बाक, चालायला रस्ता, मला त्याला विरोध करायचा नाही, पण आधी पाणी करा की हो. बाकावर बसून वास घेणार का लोक?

हीच मुळा-मुठा, १८३९ साली कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं त्यात महसीरची जी जात आज टॉर खुद्री म्हणून जगभर ओळखतात तिचं वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलंय. महसीर म्हणजे वाहतं, थंड, ऑक्सिजननं भरलेलं पाणी लागणारा मासा. तो पुण्याखाली मिळत होता! आज बंडगार्डनच्या पुलावरून खाली बघा आणि विचार करा. लोणावळ्याजवळ टाटांच्या हॅचरीत महसीरची पिल्लं तयार करून इतर पाण्यात सोडतात, वंश टिकवायला तेवढा तरी हातभार.

आणखी एक सांगते, कारण हॉटेलच्या मालकांमुळेच मी ते केलं. आमच्या सोसायटीत एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे, बिल्डरनं बांधून दिलेला, कागदावर व्यवस्थित चालू. मी मीटिंगमध्ये लॉगबुक मागितलं. चार जण माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी कुणाच्या घरात शिरलेय. शेवटी कळलं की हवा सोडणारे ब्लोअर रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवतात, वीजबिल वाचवायला, आणि कुजवायचं काम करणारे जिवाणू ऑक्सिजनशिवाय मंदावतात, मग सकाळी टाकी नुसतीच भरून वाहते, न शुद्ध झालेलं पाणी सरळ ड्रेनेजला. महिन्याला घरामागे साधारण साठ-सत्तर रुपये वाचत होते यातून. आता ब्लोअर रात्रीही चालू असतात. मी आठवड्यातून एकदा खाली जाऊन आवाज ऐकते, खरंच जाते, कारण कागदावरचं मला आता पटत नाही.

हॉटेलकडे परत येते. पावसाळ्यातली भेट चांगली नव्हती हेही लिहायला हवं. जूनचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेलेला, पाणी गढूळ, वरून नाल्यांमध्ये साचलेली सगळी घाण एकदम खाली येते ते दिवस. फळ्यावर "चिलापी – हौद, दुसरा दिवस" लिहिलेलं होतं, म्हणजे त्यांनी चिलापीही हौदात ठेवायला सुरुवात केलीय, पण दोन दिवस पुरत नाहीत, पाठीजवळच्या मांसाला वास होता, हलका पण होता. मी सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, मावशींना बोलावलं, मावशींनी माझ्या ताटातला तुकडा तोडून स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "खरंय पोरीचं." त्या माशाचे पैसे घेतले नाहीत. चिलापी मरळसारखी पाण्याबाहेरची हवा घेऊ शकत नाही, गर्दीच्या हौदात पाण्यात हवा सोडायला पंप लागतो, लाइट गेली की मासे मरतात, म्हणून फार दिवस ठेवता येत नाही, ही त्यांची अडचण खरी आहे. पण मग फळ्यावर दुसरा दिवस लिहिलेलं असताना किंमत तीच ठेवायला नको असं मला वाटतं, तसं त्यांना म्हटलंय.

बाकीच्या तक्रारी. हात धुवायच्या जागी साबण कायम संपलेला. मागच्या बाजूला, हौदापासून तीस-चाळीस पावलांवर, थर्माकोलच्या प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्यांचा ढीग आहे, पार्सलचा कचरा, वाऱ्यानं उडून ओढ्यात जातो आणि ओढा धरणात. हे मला सर्वात जास्त खटकलं, कारण जो माणूस पाण्यासाठी धंद्यावर पाणी सोडतो त्याच्याच मागच्या दारी हे नको. भांडी धुतलेल्या पाण्याला शोषखड्डा आहे, बघितला मी, झाकण उघडून दाखवला त्यांनी. माशांची आतडी-खवले वगैरे खड्ड्यात पुरतात, लिंबाची झाडं लावलीयत वर, चांगली वाढलीयत. प्लेटांचं तेवढं बघा म्हणून तीनदा सांगितलं, शेवटच्या वेळी पोती भरून ठेवलेली दिसली, कुठे जातात ते विचारायचं राहिलं. टॉयलेट बरंय, लेडीजला कडी आहे आणि लाइट आहे, हायवेवर हे लिहिण्यासारखं असतं.

मला लोक विचारतात मग उजनीचा मासा खायचाच की नाही. मी खाते. सारखा नाही, महिन्यातून एखाद्या वेळी, आणि विचारून. मुलाला लहान मासा, मोठा जुना मांसाहारी मासा नाही. डोकं खायचं असेल तर कल्ले काढलेत ना बघून. मासा खाणं बंद केलं तर पुणे महापालिकेला काही फरक पडत नाही, त्या काकांना पडतो, ज्यांचं मूळ गाव ह्याच धरणात गेलं आणि ज्यांना त्या बदल्यात हे पाणीच तेवढं मिळालं. म्हणून बहिष्कार वगैरे मला पटत नाही. विचारायचं मात्र प्रत्येक हॉटेलात, कुठला मासा, कुठल्या पाण्यातला, आज पाणी कसंय. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की अकराव्यासाठी फळा लागतो. या हॉटेलातसुद्धा एका कायम येणाऱ्या ट्रकवाल्यानं रोज विचारून विचारून भंडावलं म्हणून फळा आला, असं मालक सांगत होते.

पाच पैकी मी चार देईन. एक कापलाय तो अर्धा प्लेटांसाठी आणि अर्धा त्या पावसाळ्यातल्या चिलापीसाठी. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पक्षी पण दिसतात, आणि बाराच्या आत पोचा, दीडनंतर अर्धा तास थांबावं लागतं. एप्रिलच्या शेवटापासून फोन करून निघा, ते फोनवर खरं सांगतात, मला दोनदा "आज नका येऊ" म्हणालेत. कार्ड चालत नाही, फोनवरून पैसे चालतात. मरळ पाहिजे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. आमचं या रविवारचं ठरलंय, मामा कालच जाऊन फळा बघून आलाय, मरळ हौदात तिसऱ्या दिवसावर आहे, रविवारी पाचवा भरतो.